डाव्या कोपऱ्यातला काळोख

दादरच्या फुलबाजारात भवानी व्हायच्या आधी कोणासमोर कॅमेरा धरायचा नाही. हे मला एका शेवंतीवाल्या काकांनी शिकवलं. ओरडले नाहीत, नुसता तळहात आडवा धरला. "आधी एक गिऱ्हाईक होऊ द्या ताई, मग काय काढायचं ते काढा." त्या दिवसापासून बाजारातला पहिला अर्धा तास माझा कॅमेरा पिशवीतच असतो. पहाटे साडेचार-पाचची वेळ. टेम्पोतून गोणी उतरत असतात, हमालांची "बाजू, बाजू" चालू असते, पायाखाली देठांचा आणि ओल्या पानांचा रेंदा झालेला असतो आणि बल्बच्या उजेडात झेंडूचे ढीग आतून पेटल्यासारखे दिसतात. हा अर्धा तास वाया जात नाही. फोटोचं निम्मं काम त्यातच होतं. दिवा कुठे टांगलाय, माणसं कुठून येतात, कुठल्या खांबापाशी त्यांना वळसा घ्यावा लागतो, कोण कोणाशी बोलतं आणि कोण मान खाली घालून आपलं काम करतं, हे सगळं मी त्या वेळात पाहून ठेवते.

मला सांगायचंय ते एका फोटोबद्दल. दसऱ्याच्या आदल्या पहाटे याच बाजारात, सेनापती बापट मार्गावर, म्हणजे जुन्या दादरकरांच्या तुळशी पाईप रोडवर, मी तो काढला. काढायला सेकंदाचा शंभरावा भाग लागला. पुरा व्हायला सात महिने लागले.

फोटोत काय आहे ते आधी सांगते. डावीकडे, खाली, गोणपाटावर बसलेल्या एक मावशी, साठीच्या आसपासच्या. दोऱ्याचं टोक दातात, दोन्ही हातांत अर्धवट ओवलेलं झेंडूचं तोरण ताणलेलं. त्यांच्या मागून उजवीकडे निघालेला हमाल, डोक्यावर काठोकाठ भरलेला हारा, मान ताठ, एक हात वर. या दोघांमधल्या फटीतून रस्त्यापलीकडे उभी असलेली बेस्टची लाल बस दिसते, आत दिवे लागलेले, माणूस एकही नाही. डाव्या कडेवरून एक हात आत आलाय, बोटांत दहाची नोट. आणि हमालाच्या कोपरामागे निळ्या रेनकोटातला एक माणूस, फोन कानाला लावून उभा. परतीच्या पावसाचे दिवस होते, रेनकोट असणारच. पण त्या निळ्या रंगाने मला पुढे फार त्रास दिला.

गर्दीचा फोटो काढताना माणसांपेक्षा माणसांमधल्या फटींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. आपल्याला दोन डोळे आहेत म्हणून पुढचा माणूस आणि मागचा माणूस आपोआप वेगळे कळतात. कॅमेऱ्याला डोळा एकच. कागदावर मागच्याचं डोकं पुढच्याच्या खांद्याला चिकटतं, खांब कोणाच्या तरी टाळूतून उगवतो, चार माणसांचा मिळून एक काळा ढिगारा होतो. म्हणून दोन आकारांच्या मध्ये उजेडाची एक पट्टी लागते, बोटभर का होईना. आणि ती मिळवायचा उपाय अगदी साधा आहे. अर्धं पाऊल सरकायचं. मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले की जवळच्या मावशी चौकटीत बऱ्याच उजवीकडे जातात, बस मात्र जवळजवळ जागेवरच राहते. जवळचं जास्त हलतं, लांबचं कमी. एवढ्या एका गोष्टीवर रस्त्यावरची निम्मी रचना उभी असते. दुसरी निम्मी गुडघ्यांवर. बाजारात विकणारी माणसं बसलेली असतात आणि फोटो काढणारे उभे असतात. वरून काढलेल्या फोटोत बसलेलं माणूस बिचारं दिसतं, ते तसं नसतानाही. मावशींच्या हातांची हुकमत दिसायला हवी असेल तर उकिडवं बसून त्यांच्या नजरेच्या पातळीवर यायला हवं.

मी २८ मिलिमीटरची लेन्स वापरते. तिच्यात बरंच काही मावतं, पण माणूस मोठा दिसायला हवा असेल तर त्याच्यापासून दोन-अडीच मीटरवर जावंच लागतं. म्हणजे त्यालाही मी दिसते. मला हे महत्त्वाचं वाटतं. रस्त्यापलीकडून, गाडीआडून, लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेले नकळतचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात चेहरे मिळतात, पण काढणारा त्या जागी होता असं काही वाटत नाही. नकळत म्हणजे लपून नव्हे. मी समोर असते, हातात कॅमेरा असतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी माझा विसर पडतो, कारण त्यांना कामं असतात.

फोकस मी आधीच लावून ठेवते, अडीच मीटरवर. उन्हात भोक एफ ८ ला ठेवलं तर दीडेक मीटरपासून दहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं रेखीव येतं. फोकस शोधत बसायचं कारण उरत नाही, अंतर पावलांनी मोजायचं. पहाटेच्या बाजारात तेवढा उजेड नसतो. तिथे एफ ५.६, आयएसओ ३२००, आणि रेखीवपणाचा पट्टा आक्रसून पाच-साडेपाच मीटरपर्यंत येतो. शटर सेकंदाचा शंभरावा भाग. त्याहून जलद गेलं तर स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटू शकतात, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते आणि हे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शंभराव्या भागात चालत्या हमालाची पावलं किंचित पुसट येतात. ती येऊ द्यावीत, तो चालतच होता.

आणि झेंडू. झेंडूएवढं फसवं फूल फोटोवाल्यांसाठी दुसरं नसेल. पिवळ्या उजेडात केशरी झेंडू म्हणजे सेन्सरच्या लाल भागावर पूर येतो. मागच्या पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि घरी येऊन बघावं तर पाकळ्या गायब, नुसता केशरी रंगाचा गोळा. एकदा पाकळी अशी वाहून गेली की ती कुठल्याही उपायाने परत येत नाही. म्हणून मी उजेड दोन तृतीयांश स्टॉपने कमीच घेते. अंधारातून काही तरी उकरून काढता येतं. करपलेल्यातून नाही.

त्या पहाटे मी मावशींच्या समोर, बल्बच्या तिरक्या उजेडात, बारा मिनिटं उकिडवी बसले होते आणि एकेचाळीस फोटो काढले. माणसांच्या मागे धावून रस्त्यावरचा फोटो फार क्वचित मिळतो. आधी जागा आणि उजेड सापडतो, मग आपण तिथे रुजायचं आणि कोणी तरी त्यातून जाईल याची वाट बघायची. मावशी होत्या, बस उभी होती, फट होती. हारा घेऊन कोणी तरी जायला हवं होतं. बाजारात दर दोन मिनिटांनी हारा जातो. पण एकाचा हात खाली होता, एक फारच जवळून गेला, एकाच्या वेळी मावशी गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या.

*

या धंद्याचा सगळ्यात प्रसिद्ध शब्दप्रयोग म्हणजे 'डिसायसिव्ह मोमेंट', निर्णायक क्षण. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीचं ते नाव. मूळ फ्रेंच पुस्तकाचं नाव मात्र वेगळं होतं, 'इमाज आ ला सोव्हेत'. 'आ ला सोव्हेत' हा रस्त्यावरच्या बोलीतला शब्द. परवाना नसलेले फेरीवाले पोलिसांची चाहूल घेत, पळायच्या तयारीत जो माल विकतात त्या विक्रीला फ्रेंचमध्ये असं म्हणतात. घाईघाईत, चोरटेपणाने, गाठोडं उचलायच्या बेतात. हे कळलं तेव्हा मला दादर आठवलं. "गाडी आली" अशी आरोळी स्टेशनच्या बाजूने उठते आणि मिनिटभरात पदपथ मोकळा होतो. गोणपाटाची चार टोकं एकत्र येतात, फुलं आत, तराजू आत, माणूस गल्लीत. पालिकेची गाडी निघून गेली की पुन्हा तेच गोणपाट त्याच जागी पसरतं. निर्णायक क्षण म्हटलं की काढणारा मोठा होतो, जणू क्षण त्याच्या हुकमाने थांबला. मूळ नावात तो फेरीवाल्याच्या पातळीवर आहे. त्याचंही पोट हातावर, ह्याचंही. मला मूळ नाव जास्त खरं वाटतं.

मुंबईच्या बाबतीत तर रस्ता आणि फोटो यांची गाठ पडायलाच बराच काळ गेला. इथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळी मुंबईत फोटो काढत. पण तेव्हाची ओल्या काचेची पद्धत अशी की काचेवर रसायन ओतायचं, ओलं असतानाच चित्र घ्यायचं आणि वाळायच्या आत धुवायचं. चालता माणूस तिच्यावर उमटायचाच नाही, उमटला तर धूर होऊन. मग विल्यम जॉन्सन या मुंबईकर छायाचित्रकाराने वेगळा मार्ग काढला. १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत त्याचं मुंबईतल्या जातीजमातींचं चित्रपुस्तक निघालं. त्यातली माणसं एका जागी उभी करून काढलेली आहेत आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हचा आहे. दोन्ही जुळवून एक चित्र केलेलं. म्हणजे मुंबईकर माणूस आणि मुंबईची जागा इथे एका चौकटीत आली ती कातरकामाने. आजच्या संगणकावरच्या करामतींना नवं पाप म्हणणाऱ्यांनी ही चित्रं जरूर बघावीत. माणसांच्या कडा बारकाईने पाहिल्या तर त्या मागच्या हवेत मिसळलेल्या नाहीत हे कळतं. पायांना त्या जमिनीची सवय नाही.

तिथून रघू राय यांच्या १९९५ सालच्या चर्चगेटच्या फोटोपर्यंत यायचं म्हणजे केवढा प्रवास. गाडीतून उतरलेली गर्दी नदीसारखी वाहतेय, चेहरे नाहीत, नुसता प्रवाह. आणि मधोमध वर्तमानपत्रात डोकं घालून थांबलेली माणसं, अगदी स्वच्छ, रेखीव. शटर मुद्दाम मंद ठेवलंय. जी गोष्ट जॉन्सनच्या काळी पद्धतीचा दोष होती, चालता माणूस धूर होणं, तीच इथे अर्थ झाली. गर्दीत स्थिर राहणं म्हणजे काय हे त्या फोटोसमोर उभं राहिल्यावर अंगावर येतं. मी लोकलने कॉलेजला जात होते त्या वर्षांत हा फोटो पहिल्यांदा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फलाटावर उतरल्यावर गर्दी वेगळी दिसली.

रंगाचं ऋण मात्र रघुबीर सिंह यांचं. जयपूरचा हा माणूस सत्तरच्या दशकापासून रंगातच काम करत राहिला, जेव्हा गंभीर फोटो म्हणजे कृष्णधवल असं जगभर मानलं जाई. रंग हा भारतीय नजरेचा आतला भाग आहे, वरून चढवलेला साज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ सालचं. त्यातली चित्रं आरसे, काचा आणि दुकानांच्या तावदानांतून दुभंगत, तुकड्यांनी भरत जातात. तरी काही सांडत नाही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेल्या केतकी शेठ यांनी मुंबईचे रस्ते कृष्णधवलमध्ये टिपले. 'बॉम्बे मिक्स' हे त्यांचं पुस्तक २००७ साली आलं. एकाच शहरासाठी गुरूने रंग घेतला आणि शिष्येने तो सोडला, आणि दोघांचंही पटतं. झेंडूच्या बाजाराचा फोटो मी कृष्णधवल करून बघितला होता. हारा राखाडी झाला. दसरा गेला.

*

आता निवड. एडिटिंग म्हटलं की लोकांना संगणकावरची बटणं आठवतात, पण त्याचा पहिला आणि मोठा अर्थ निवड हाच आहे. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६ मध्ये अमेरिका पालथी घालून सुमारे २७,००० चित्रं घेतली आणि 'दि अमेरिकन्स' या पुस्तकात ८३ ठेवली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य घालवलेले गॅरी विनोग्रँड काढलेले रोल वर्षभर, कधी त्याहून जास्त, धुवायचेच नाहीत. काढतानाचा आनंद मनातून उतरला पाहिजे, नाही तर आपण फोटो न बघता तो आनंदच बघतो, हे त्यांचं कारण. १९८४ साली ते गेले तेव्हा न धुतलेले अडीच हजारांच्या आसपास रोल मागे राहिले होते.

मला वर्ष काढणं जमत नाही. मी दिवाळी होऊ दिली. मग एकेचाळीसही फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून आणल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलट्या मांडल्या, डोकं खाली पाय वर. फोटो उलटा धरला की मावशी, हमाल, बस ही नावं जातात, नुसते आकार आणि उजेड उरतात. मग कळतं की वजन कुठे आहे, डोळा कुठे अडकतो, कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. ही युक्ती गिरगावात राहणाऱ्या एका निवृत्त वृत्तछायाचित्रकारांकडून घेतली. मी त्यांना सर म्हणते. त्यांच्या न्हाणीघरात एकेकाळी डार्करूम होती. त्यांनी मला काटकोनात कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे दिले आहेत. फोटोवर ते समोरासमोर ठेवून सरकवायचे, म्हणजे कुठे कापलं तर काय होतं ते न कापता दिसतं. माझ्या संगणकात हे काम करणारं बटण आहे. तरी मी पुठ्ठे वापरते, कारण पुठ्ठा हळू सरकतो.

उलट्या मांडलेल्यांतून तीन उरले. त्यातला तेविसावा रचनेच्या दृष्टीने सगळ्यात घट्ट होता. हारा, हात, बस, सगळं जागच्या जागी, निळा रेनकोट हाऱ्यामागे पूर्ण झाकलेला. पण उजवीकडे गोणींवर एक पोरगेलासा हमाल झोपला होता, तोंड उघडं, सदरा वर गेलेला. रात्रभर माल उतरवून झोपलेला माणूस. त्याला जागा असताना विचारलं असतं तर त्याने हा फोटो काढू दिला असता का? सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचंही सांगितलंय. या दोहोंच्या मधली जागा कायद्याने भरायची वाट बघण्यात अर्थ नाही, ती ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्यानेच भरायची. ज्यांना घर नाही किंवा घर लांब आहे, त्यांचं झोपणं रस्त्यावर होतं म्हणून ते सगळ्यांच्या मालकीचं होत नाही. तेविसावा मी बाजूला ठेवला. सरांना तो न वापरणं पटलं नाही. आमचा वाद झाला आणि अजून मिटलेला नाही.

उरला सतरावा. म्हणजे निळा रेनकोट उरला.

आधी कडा बघितल्या. उजव्या कडेवर स्कूटरचं अर्धं हँडल होतं, ते पुठ्ठ्याने झाकलं तेव्हा हमालाला पुढे जायला जागा उरेना. पूर्ण ठेवलं तर डोळा तिथेच अडकायचा. शेवटी बोटाच्या जाडीएवढी पट्टी कापली, आरसा गेला आणि मूठ राहिली. डावीकडचा नोटेचा हात कापायचाही मोह झाला, कारण तो अर्धवट होता, कोणाचा ते कळत नव्हतं. पण त्या हाताशिवाय मावशी नुसत्या फुलं ओवणाऱ्या होतात. हाताने त्या विकणाऱ्या होतात.

कापण्याबद्दल आमच्यात फार सोवळंओवळं आहे. कार्तिए-ब्रेसाँ चौकट पुरीच्या पुरी छापायच्या बाजूचे. जे ठरवायचं ते रस्त्यावर, नंतर नाही. पण सांलाझार स्टेशनामागे, पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ सालचा त्यांचा फोटो, म्हणजे ज्याच्यावरून निर्णायक क्षण समजावला जातो तोच, कडेने कापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून तो काढला होता आणि मूळ निगेटिव्हमध्ये डावीकडे फळी आली होती. मला यात ढोंग दिसत नाही. फट जेवढी होती तेवढी होती. कड कापताना आपण एवढंच म्हणतो की मी थोडी आणखी जवळ असते तर हे असं दिसलं असतं. जे उरलं ते त्या सेकंदाला त्याच जागी होतं.

चौकटीच्या आतलं पुसणं मात्र वेगळं. निळा रेनकोट पुसायला आज दोन सेकंद लागतात. त्याच्याभोवती बोट फिरवायचं, संगणक मागची अंधारी भिंत स्वतःहून रचून देतो, सांधा दिसत नाही. जॉन्सनच्या माणसांच्या कडा तरी दिसतात. 'नॅशनल जिओग्राफिक'ने १९८२ च्या फेब्रुवारी अंकाच्या उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले होते, त्यावरून तेव्हा केवढा गदारोळ झाला. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रवेशिका अशाच फेरफारांमुळे बाद झाल्या. त्या बातमीत मला संख्येपेक्षा तपशील बोचला. कित्येकांनी काढून टाकलं होतं ते अगदी किरकोळ होतं, कडेचा कचरा, एखादा ठिपका. त्यांनीही म्हटलं असेल, यात काय जातंय?

मी एकदा रेनकोट पुसून बघितला. खरं सांगते, फोटो सुंदर झाला. हमालाचा कोपर मोकळा झाला, बस जास्त लाल झाली. दोन दिवस तो संगणकाच्या पडद्यावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तो मला दादरचा वाटेना. पहाटे पाच वाजता फुलबाजारात फोनवर बोलत रस्त्याच्या मधोमध उभा असलेला एक माणूस नेहमी असतोच, आणि हमाल नेहमी त्याला चुकवून जातो. कोपर तसा वर गेला होता तो त्याच्याचमुळे. मी पुसलेली आवृत्ती काढून टाकली.

मग रंग आणि उजेड. पहाटेच्या फोटोत दोन उजेड असतात, वरून आकाशाचा निळसर आणि जवळून बल्बचा पिवळा. संगणकाला विचारलं तर तो कातडीचा रंग 'बरोबर' करून देतो, म्हणजे पिवळा काढून टाकतो, आणि पहाटेची दुपार होते. मी पिवळा ठेवला. निळ्याची चमक थोडी उतरवली, रेनकोट मागे गेला, होता तिथेच राहिला. आणि मावशींच्या हातांकडे नजर जावी म्हणून डावा खालचा कोपरा गडद केला. डार्करूममध्ये याला बर्निंग म्हणायचे. पुठ्ठ्याला भोक पाडून एनलार्जरखाली तेवढ्याच भागावर जास्त वेळ उजेड सोडायचा, की तो काळा होतो. सगळेच करत आलेत, मीही वर्षानुवर्षं करते. त्या कोपऱ्यात काय होतं ते मी पाहिलंही नव्हतं. पसारा, एवढंच.

*

मे महिन्यात प्रिंट घेऊन गेले. लग्नसराई होती, म्हणून अकरानंतर गेले, गर्दी ओसरल्यावर. मावशी लग्नाचे हार बांधत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. फोटो पुढे केला तेव्हा हात पदराला पुसले आणि दोन्ही हातांनी धरला, खूप वेळ.

पहिलं वाक्य होतं, "दात दिसतायत."

मग फोटो वाचायला लागल्या. दुसरा शब्द मला सापडत नाही. झेंडू कुठल्या प्रतीचा होता ते सांगितलं, त्या दिवशी सकाळी आठनंतर भाव कसा चढला ते सांगितलं, हारा कोणाच्या गाळ्यावर चालला होता तेही. बाजूच्या गजरेवालीला बोलावून दाखवलं. रेनकोटवाल्यावर बोट ठेवून मी विचारलं, "हे कोण?" त्यांनी बारकाईने पाहिलं. "कोण जाणे. गिऱ्हाईक नसेल." माझ्या सात महिन्यांच्या त्रासाचं त्यांना काहीच पडलं नव्हतं.

बोट खाली डाव्या कोपऱ्याकडे गेलं आणि थांबलं.

"इथे माझा गल्ला होता. कुठे गेला?"

मी म्हटलं, "तिथे अंधार होता मावशी."

"अंधार कसा? बल्ब तर वरच होता." त्यांनी मांडीशेजारचा डबा उचलून दाखवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, एका बाजूने चेपलेला, झाकणावर लक्ष्मीचं चिकटचित्र. "सासूबाई बसायच्या तेव्हापासूनचा आहे. मी त्याच्याशिवाय बसत नाही. दसऱ्याला त्याची पूजा असते आमच्यात, त्या दिवशी मी पुसून ठेवला होता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीही पुसलेलं नव्हतं, माझा नियम मी पाळला होता, आणि तरी डबा नव्हता.

घरी येऊन मूळ फाइल उघडली. डबा होता. झेंडूसाठी उजेड कमी घेतला होता, तरी मूळ चित्रात त्याची कड आणि झाकणावरचा लाल ठिपका स्पष्ट होता. त्याचा काळोख मी केला होता, संगणकावर, एका संध्याकाळी. मी कोपरा उघडत गेले. कडेवरून आलेला नोटेचा हात नेमका डब्याच्या दिशेने होता. पहाटे उकिडवी बसले असताना मी हे पाहिलं नव्हतं, ओट्यावर फोटो उलटा केला तेव्हाही नाही, पुठ्ठे सरकवतानाही नाही. पाहिलं होतं ते मावशींनी, पाच मिनिटांत. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांच्या पालिकेच्या सफाई कामगारांवरच्या कामाचा मला फार आदर वाटतो, त्याचं एक कारण आता जास्त नीट कळतं. ते त्या माणसांकडे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं गेले. कोणाच्या मांडीशेजारी काय ठेवलेलं असतं हे एका पहाटेत कळत नाही.

नव्या प्रतीत कोपरा उजळ आहे. सरांच्या मते फोटो थोडा सैलावला, हातांवरची पकड गेली, नजर दोन ठिकाणी जाते. बरोबर आहे, जाते. मी तसाच ठेवला.

ती प्रत घेऊन पुन्हा गेले तेव्हा मावशींनी आधी कोपरा पाहिला, मान हलवली आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून गोणपाटाखाली ठेवला. मग म्हणाल्या, "आता माझा एक नीट काढा."

पदर सारखा केला. शेजारच्या पोराला पुढ्यातला पालापाचोळा उचलायला लावला. ऊन डोक्यावर आलं होतं, डोळ्यांखाली सावल्या पडत होत्या, म्हणून मी त्यांना मागे छपराच्या कडेला सरकायला सांगितलं. त्या डबा घेऊनच उठल्या, घेऊनच बसल्या. डबा मांडीवर उभा धरला, लक्ष्मी पुढे येईल असा फिरवला, पाठ ताठ केली आणि थेट लेन्समध्ये बघितलं. हसल्या नाहीत. मी एकच फोटो काढला.

"दोन प्रती द्या," त्या म्हणाल्या. "एक गावाला पाठवायची आहे. छोटी नको, भिंतीवर लावता येईल अशी द्या."